डावा गाल

सिग्नल लाल झाला म्हणून ती थांबली, आणि थांबली म्हणूनच तिला तो दिसला. रस्त्यापलीकडे बसस्टॉप होता. स्टॉपला पत्र्याचं चांगलं रुंद छप्पर, छपराखाली बाकडी, आणि त्या सावलीत माणसं एकमेकांना चिकटून बसलेली. हा मात्र छपराबाहेर, भर दुपारच्या उन्हात एकटा उभा. हातात नेहमीची कापडी पिशवी, चेहरा वर केलेला, डोळे मिटलेले, आणि ओठांवर हसू. तिने पुन्हा पाहिलं. नीट पाहणं हाच तिचा धंदा होता, त्यामुळे चुकण्याचा प्रश्न नव्हता. हसूच होतं ते. हाक मारावी म्हणून तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मधून एक ट्रक गेला, मग सिग्नल हिरवा झाला, लोक तिला धक्के देत पुढे गेले आणि ती जागच्या जागी उभी राहिली. स्वतःचा नवरा रस्त्यावर उभा आहे, त्याला हाक मारायला बायकोला कसली चोरी? पण डोळे मिटून हसणाऱ्या माणसाला हाक मारवत नाही. तो तिथे एकटा नसतो. बस आली, त्याने डोळे उघडले, बाहीने चेहरा पुसला आणि वर चढला. ती आल्या पावली दुकानात परत गेली. ज्या कामासाठी निघाली होती ते काम काय होतं, हे तिला संध्याकाळपर्यंत आठवलं नाही.

आता यात बिघडलं काय, असं कुणीही म्हणेल. थंडीचे दिवस, म्हातारा माणूस घटकाभर उन्हात उभा राहिला. पण तो तिचा नवरा होता, आणि तिच्या नवऱ्याने सारं आयुष्य सावली शोधण्यात घालवलं होतं. बसमध्ये चढण्याआधी तो रस्त्यातच थांबून हवेत बोटाने रेघा मारायचा. गाडी आधी अशी सरळ जाणार, मग पुलापाशी वळणार, म्हणजे ऊन येणार डावीकडून. "तू उजवीकडे बस, खिडकीशी." मागून लोक शिव्या घालायचे, कंडक्टर घंटी मारायचा, पण याचा हिशोब पुरा झाल्याशिवाय पायरीवर पाय पडायचा नाही. आणि हिशोब कधी चुकायचा नाही. चुकून एखाद्या वळणावर उन्हाची तिरीप तिच्या गालावर आलीच तर तिच्या पुढ्यातून हात लांबवून तो पडदा ओढायचा. बोलायचा नाही, बघायचाही नाही, हात आपला सवयीने जायचा. तिची धाकटी बहीण म्हणायची, "ताई, भावोजी तुला अगदी सावलीत ठेवतात गं. आमचे हे, मी जळून कोळसा झाले तरी पेपरातून मान वर काढायचे नाहीत." ती यावर "पुरे गं" म्हणायची, पण आतून सुखावायची. प्रेमाच्या इतर खाणाखुणा त्याच्याकडे फारशा नव्हत्या. बोलायला तो मंद. साधं "चहा घेणार का" विचारलं तरी आढ्याकडे बघून विचार करायचा. ऑफिसात त्याला सगळे पट्टी म्हणायचे, कारण तो नकाशे काढायचा, आणि दुसरं म्हणजे तो होताच पट्टीसारखा, सरळ, चपटा आणि मुका. अशा माणसाकडून बाईला मिळून मिळणार काय? तिला सावली मिळाली होती. तेवढ्यावर तिने संसार केला आणि चांगला केला.

दुकान चष्म्यांचं होतं. डोळे तपासायला डॉक्टर येत. फ्रेम बसवणं, काड्या वाकवणं, नाकावरची पकड सैल-घट्ट करणं, दोन बुबुळांमधलं अंतर मोजणं, ही कामं तिची. गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर तोंड नेऊन, छोटी पट्टी त्याच्या नाकावर आडवी धरून ती म्हणायची, "माझ्या नाकाकडे बघा." दिवसभर परके लोक तिच्या नाकाकडे बघत. त्यामुळे तिला माणसांची एक वेगळीच पारख आली होती. फळ्यावरची अक्षरं वाचताना कोण खरं वाचतोय आणि कोण आधीच पाठ करून आलाय, हे ती डॉक्टरांच्या आधी सांगायची. ज्याला दिसतं तो अडखळतो. एखाद्या अक्षरापाशी थांबतो, डोळे बारीक करतो, "हे... थांबा हं" म्हणतो. पाठ करणारा मात्र घडाघडा जातो. गाडी चालवायच्या परवान्यासाठी आलेले म्हातारे असं करत. ती त्यांना पाठमोरं बसवायची, दुसरा फळा लावायची आणि मग दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरून हळूच वळवायची. म्हातारे ओशाळून हसत आणि तीही हसायची. पण घरी हे कसब वापरायची वेळ कधी आली नव्हती, कारण जो माणूस मुळात बोलतच नाही तो पाठ केलेलं तरी काय बोलणार?

संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन तो बराच वेळ आढ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाईंचं स्मारक झालंय ना, तिकडे गावाबाहेर. त्यांना बागेवर देखरेख करायला माणूस हवाय. जुना, बाग ठाऊक असलेला. दोन खोल्या देतात. ओटी आहे पुढे. आज ऑफिसात बोलावलं होतं त्यांनी मला." थोडं थांबून त्याने चहाचा घोट घेतला. "कायमचं जाऊन राहावं लागेल. तू म्हणशील तसं. रविवारी बघून येऊ, सोमवारी कळवायचंय." म्हणजे दुपारचं ते हसू या नोकरीचं होतं. तिने चहाची भांडी उचलली, धुवायला ठेवली, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात म्हणाली, "बघून यायला काय जातंय." लेकीला फोन केला तर ती तिकडून आनंदाने ओरडलीच. "आई, जा ना! किती मोकळी हवा. आणि बाबांना मिळालंय काहीतरी स्वतःचं, तू त्यात मोडता घालू नकोस हं." मोडता! म्हणजे तिने नुसतं तोंड उघडलं तरी तो मोडता. हे घर, हे दुकान, शेजारची शिवणवाली, भाजीवाल्याची ओळख, सारं सोडून त्या बाईच्या बागेत जाऊन राहायचं, आणि हूं की चूं करायचं नाही. ती बाई जिवंत असताना तिने नवऱ्याचे दिवस नेले होते. आता मेल्यावर रात्रीही मागत होती.

असं काही तिने मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं. म्हणण्यासारखं काही हाती लागलंच नव्हतं. बाई मोठ्या होत्या. इमारती बांधायच्या, पण नाव झालं ते बागांनी. कुठे ओसाड उतार असला, पडीक खाण असली की बाईंना बोलवत, आणि बाई तिथे अशी बाग उभी करत की लोक लांबून बघायला येत. पट्टी त्यांचे नकाशे काढायचा. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्याने त्या एका टेबलापाशी काढली. घरी येऊन सांगायचा तो एवढंच, की बाईंनी आज माझ्या नकाशाला हात लावला नाही. म्हणजे चूक काढली नाही. याचाच त्याला काय तो अभिमान. यात संशय घ्यावा असं काही नव्हतं. बाई दिसायला बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, नखांत कायम माती. तिच्या मनात संशय आणला तो एका गालाने. लेक शाळेत जाऊ लागली होती त्या वर्षीची थंडी. एका सकाळी तो आरशासमोर दाढी करत होता, आणि मागून टॉवेल द्यायला गेलेल्या तिला दिसलं, की याचा एकच गाल रापलाय. उजवा गाल ऑफिसातल्या माणसाचा असावा तसा फिका, आणि डावा कानापासून हनुवटीपर्यंत विटेसारखा. "हे काय हो?" तिने विचारलं. तो आढ्याकडे बघेल असं तिला वाटलं होतं. तो फटकन म्हणाला, "बसच्या खिडकीतलं ऊन." आणि ब्लेड धुवायला लागला.

बसच्या खिडकीतलं ऊन! जो माणूस उन्हाच्या बाजूला कधी बसत नाही त्याच्या गालावर! कुठेतरी पाणी मुरत होतं. तिने तेव्हा काही विचारलं नाही, आणि तेव्हा विचारलं नाही म्हणून पुढेही विचारता आलं नाही. संशयाचं असंच असतं, वेळेवर बाहेर काढला नाही तर तो घरातलाच होऊन बसतो, जेवायलाही बसतो पंगतीला. ती थंडीभर तो गाल पाहत राहिली. थंडी सरली, गाल पुन्हा उजळला. पण त्या दिवसांत तो कुठेतरी, रोज, ठरल्या वेळी, एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून बसत होता, एवढं एखाद्या लहान पोरालाही कळलं असतं. आणि मग एकदा बाई दुकानात आल्या. चष्म्याची उजवी काडी पार वाकली होती. नेहमी एकाच हाताने चष्मा ओढून काढणाऱ्या माणसाची काडी अशी वाकते. "सारखा काढता वाटतं?" तिने विचारलं. "हो. डोळे मिटून बसायची सवय आहे मला," बाई म्हणाल्या. तिने काडी गरम करून सरळ केली, बाईंच्या कानामागचे केस स्वतःच्या बोटाने बाजूला करून चष्मा बसवला, आणि रिवाजाप्रमाणे म्हणाली, "माझ्या नाकाकडे बघा." बाईंनी नाकाकडे नाही पाहिलं. सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचे हे फार सरळ रेघ मारतात हो." बस, इतकंच. यात वावगं काय होतं? काही नव्हतं. पण त्या दिवसापासून तिला ते वाक्य दाताखाली आलेल्या खड्यासारखं आठवायचं.

रविवारी बसपाशी त्याने हवेत रेघा मारल्या आणि तिला उजवीकडे बसवलं. शहर संपलं, गोदामं संपली, मग नुसती शेतं आणि मधूनच एखादी पाण्याची टाकी. त्याच्या मांडीवर डब्याची पिशवी होती. ती त्याच्याकडे चोरून बघत होती. नवी नवरी माहेरी निघावी तसा चेहरा झाला होता त्याचा. बसमधून उतरल्यावर रस्ता विचारावा लागला नाही. पायवाट दोनदा फुटली, दोन्ही वेळा तो न थांबता वळला, आणि एके ठिकाणी तर वाटेत दिसतही नसलेला दगड त्याने पाय उचलून ओलांडला. इथे हा किती वेळा आला असेल? घरी म्हणायचा, साइटवर काम असतं कधीमधी. कधीमधी आलेल्या माणसाच्या पायाला दगड पाठ होत नाहीत.

फाटकापाशी स्मारकाचे सेक्रेटरी उभे होते. जाडजूड, हसतमुख, बोलायला लागले की थांबायचं विसरणारे गृहस्थ. "या वहिनी, या. तुमचीच वाट बघत होतो. यांना पटवणं सोपं, खरा निर्णय तुमचा, हे काय आम्हाला कळत नाही? आमच्याही घरी तेच आहे!" ते स्वतःच हसले. बाग उतारावर होती. दगडी कठडे पायरीपायरीने खाली गेलेले, मधून पाण्याचा बारीक पाट, आणि झाडं अशी लावलेली की एका झाडापाशी उभं राहिलं की पुढचं दिसावं, आणि त्याच्यापाशी जावंसं वाटावं. वाईट म्हणता येईल असं तिथे काही नव्हतं, आणि तिने शोधून पाहिलं. "पुतळा कुठंय?" तिने विचारलं. "तीच तर गंमत आहे वहिनी. बाईंनी लिहून ठेवलं होतं, पुतळा नको, समाधी नको. काही करायचंच तर तो बाक तेवढा सांभाळा. आमचं स्मारक म्हणजे तो बाक." खाली तळ्याशी एक साधा दगडी बाक होता. मागे भिंत, पुढे दोन पायऱ्या उतरून पाणी. आजूबाजूला एवढी झाडं असून बाकावर सावलीचा एक ठिपका नव्हता. शेजारी पाटीवर कोरलं होतं: "सावली कुणीही देईल. माझ्या बागेत माणसाला ऊन मिळावं." सेक्रेटरींनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि डोळे पुसले. "काय विचार आहे बघा! परदेशातून लोक येतात, इथे बसतात आणि रडतात." पट्टी खाली मान घालून बुटाने खडे सरकवत होता. त्याला हसू आवरत नव्हतं, हे तिने टिपलं.

खोल्याही चांगल्या निघाल्या. तिला वाटलं होतं, माळ्याची खोपटी असेल, ओल असेल, म्हणजे नाही म्हणायला बरं. पण ओटी रुंद होती, ओटा तिच्या उंचीचा होता, भिंतीत फडताळं होती. स्वयंपाकघराची खिडकी उघडली तर समोर बाग, उतार, आणि खाली तळ्याशी तो बाक. भांडी घासताना रोज तोच दिसणार. "मोकळं आहे," ती म्हणाली. सेक्रेटरींनी ते होकारासारखं ऐकलं. "तुम्ही निवांत जेवा, मी वर फाटकापाशी आहे," म्हणून ते गेले.

डबा घेऊन दोघं तळ्याशी आली. पिशवी पायरीवर ठेवून तिने विचारलं, "हसत काय होतात मघाशी?" आणि काय आश्चर्य, पट्टी पायरीवर टेकला आणि बोलायला लागला. "अगं, कसला विचार आणि कसलं काय. ती माझी चूक आहे. नकाशात झाडं काढली की त्यांची सावली खाली उजवीकडे काढायची, ही आमच्या ऑफिसातली रीत. खरं ऊन कुठून येतं त्याच्याशी तिचा संबंध नाही, चित्र उठून दिसावं म्हणून आपली काढायची. ही जमीन पडली लांबट, कागदावर मावेना. म्हणून मी नकाशा फिरवून आडवा काढला. उत्तर गेली बाजूला, पण हात सवयीचा, सावल्या पडल्या आपल्या खाली उजवीकडे. बाईंनी त्यातल्या एका गडद सावलीवर बोट ठेवलं, म्हणाल्या, बाक इथे. कामाची घाई होती, त्यांनीही उत्तरेचा बाण पाहिला नाही. गवंड्यांनी बांधला. बघतो तर हे! दिवसभर ऊन. मला वाटलं, गेली नोकरी. बाई म्हणाल्या, ठीक आहे, ज्याने चूक केली त्याने भोगायची. रोज जेवणाच्या सुट्टीत मला या बाकावर बसवायच्या. काम संपेपर्यंत, अख्खी थंडी. तोंड भाजून निघालं. घरी कुठल्या तोंडाने सांगणार? बाई माझ्या चुका काढत नाहीत म्हणून मिरवलेलं."

ती हसायला लागली. आधी नुसती हसली, मग पोट धरून हसली, मग पायरीवर बसून, चष्मा वर सरकवून पदराने डोळे पुसायला लागली. शिक्षा! शाळेतल्या पोरासारखी शिक्षा! आणि या शिक्षेपायी तिने इतकी वर्षं मनाला पोखरून घेतलं होतं. डोंगर पोखरून उंदीर निघाला म्हणतात, तो हा. किती हलकं वाटलं तिला. हवा जाणवली, झाडं दिसली, मघाशी जी बाग तिने दोष काढायच्या नजरेने पाहिली होती ती आता खरंच सुंदर दिसायला लागली. त्या खिडकीला पातळ पडदा लावू, ओटीवर लेकीची जुनी आरामखुर्ची आणू, असं तिच्या मनात येऊनही गेलं. तिला त्या मुक्या, चपट्या माणसाची एकदम माया आली. "बघू तरी तुमची शिक्षा कशी होती," असं म्हणत ती उठली, बाकावर जाऊन बसली, पाय सोडले, भिंतीला पाठ टेकली आणि कौतुकाने डोळे मिटले.

ऊन उबदार होतं. ते तिच्या कपाळावर आलं, कानावर आलं, गालावर आलं. तिच्या उजव्या गालावर.

तिने डोळे उघडले नाहीत. डोक्यात आधी विचार असा आलाच नाही, नुसतं उजव्या बाजूला गरम आणि डाव्या बाजूला गार एवढंच जाणवत राहिलं. मग तिला वाटलं, आपण वाकडं बसलो असू. ती सरळ झाली. बाक दगडाचा, मागे भिंत, बसणाऱ्याचं तोंड पाण्याकडेच होणार, दुसरीकडे वळायची सोयच नव्हती. वेळही जेवणाचीच होती. उजवाच गाल. आणि मग तिला आठवलं, की तो मघाशी घडाघडा बोलला होता. चहा घेणार का म्हटलं तर आढ्याकडे बघणारा माणूस कुठेही न अडखळता, न थांबता, एका दमात सगळं सांगून मोकळा झाला होता. पाठ करून आला होता तो. आज नाही, केव्हाचाच पाठ करून बसला होता, कधी ना कधी विचारेल म्हणून.

"अहो," डोळे मिटूनच ती म्हणाली, "तुम्ही या बाकावर बसतच नव्हता."

पाण्यात कुठलंसं पाखरू बुडी मारून वर आलं.  तो आढ्याकडे बघत असेल, पण इथे आढं नव्हतं, आभाळ होतं. "चूक झाली ती खरी?" तिने विचारलं. "खरी. ती अगदी खरी." "मग बाकावर कोण बसायचं?" खड्यांवर त्याचा बूट घासल्याचा आवाज आला. "बाई," तो म्हणाला. "त्या रागावल्याच नाहीत. आल्या, बसल्या, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, असू दे, किती छान ऊन आहे. मग रोज सुट्टीत बसायच्या." "आणि तुम्ही?" "मी... हे इथे. समोरच्या पायरीवर. पाण्याकडे पाठ करून, डबा घेऊन." म्हणजे आत्ता तो जिथे बसला होता तिथे. तिथे बसलेल्याचं तोंड बाकाकडे, आणि ऊन डाव्या गालावर.

"काय बोलायचात?" "काही नाही. त्या डोळे मिटून बसायच्या." "मग काय करायचात?" आता तो चांगलाच अडखळत होता. एकेक अक्षर दिसेल तसं वाचणाऱ्या माणसासारखा थांबत, डोळे बारीक करत असावा. "बघायचो," तो म्हणाला. "ऊन सरकायचं ना... कपाळावरून खाली... तसं. ते बघायचो. बस. एवढंच गं. खरंच एवढंच." "त्यांना ठाऊक होतं?" "डोळे मिटलेले असायचे." मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे डोळे मिटलेली एक होती आणि दूध पिणारा दुसराच होता.

खरंच एवढंच होतं. त्यावर तिचा पूर्ण विश्वास बसला, आणि तेच वाईट झालं. भांडायला काही उरलं नाही. चोरून भेटी नाहीत, स्पर्श नाही, शब्दही नाही. याहून काही जास्त असतं तर तिला सोपं गेलं असतं. रडता आलं असतं, बहिणीला सांगता आलं असतं. पण एका माणसाने एका बाईच्या चेहऱ्यावरून सरकणारं ऊन अख्खी थंडी पाहिलं, गाल भाजेपर्यंत पाहिलं, याची तक्रार कुणाकडे करायची? आणि त्याच माणसाने तिला, लग्नाच्या बायकोला, जन्मभर सावलीत बसवलं. बसमध्ये, बागेत, नाटकाच्या रांगेत, स्टेशनच्या फलाटावर, जिथे म्हणून ऊन येईल तिथून उठवून आत सरकवलं. तिने ते प्रेम म्हणून घेतलं. प्रेम नव्हतं असंही आता म्हणवत नव्हतं. पण सावलीतल्या माणसाकडे कुणी थंडीभर बघत बसत नाही. दिवसभर परके लोक तिच्या नाकाकडे बघत आले, आणि घरी आल्यावर तेवढंही कुणी बघितलं नाही, हे तिला इतक्या वर्षांत एकदाही खटकलं कसं नाही?

तिला एकदा वाटलं, डोळे उघडून पाहावं. आत्ता ती त्याच बाकावर होती, तेच ऊन होतं, तोच समोर होता. मग तिने डोळे उघडले. तो डब्याचं झाकण उघडायच्या खटपटीत होता. "जेवून घेऊ या का?" तो म्हणाला. दोघं जेवली. फाटकापाशी सेक्रेटरींनी विचारलं, "मग वहिनी, काय ठरलं?" "उद्या कळवतो," तो घाईने म्हणाला, आणि तिच्याकडे पाहिलं, निकाल ऐकायला आलेला मुलगा पाहतो तसं. तिला त्याची कीव आली. जावं का? असेल काही त्याच्या मनात, बाई तर आता नाही. माणूस मेल्यावर त्याच्या बाकाशी काय भांडायचं? खोल्या चांगल्या आहेत. लेक खूश होईल. शिवाय आता सगळं बोलून झालंय, आता त्याला कळलंय की तिला कळलंय. कदाचित आता. असं ती बसच्या थांब्यापर्यंत मनाशी घोळवत राहिली, आणि थांबा येईपर्यंत तिचं जवळजवळ ठरलं होतं. एकच पाहायचं राहिलं होतं.

परतीची बस जवळजवळ रिकामी होती. दारापाशी त्याने हवेत रेघ मारली. "आता ऊन उतरतंय, उजवीकडून येईल. तू डावीकडे..." ती काही न बोलता उजवीकडे जाऊन बसली, खिडकीशी. तो गोंधळून उभा राहिला, मग तिच्या शेजारी टेकला. "अगं, इथे येईल ऊन." "येऊ दे," ती म्हणाली. बस निघाली. वळणापाशी ऊन आलं, चांगलं पिवळं, उतरतं ऊन. ते तिच्या हातावर आलं, गळ्यावर आलं, मग चेहऱ्यावर आलं. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला, मान मागे टेकली आणि डोळे मिटून घेतले. पापण्यांच्या आत सगळं लाल झालं. कपाळ तापलं. तिच्या छातीत धडधडत होतं, पोरीबाळींसारखं, आणि तिला स्वतःची लाजही वाटत होती. ऊन कपाळावरून खाली सरकत होतं. आता भुवईवर. आता गालावर. ती वाट बघत होती. शेजारी काही हालचाल नव्हती. म्हणजे तो बघत असेल. बघतच असेल.

मग तिच्या पुढ्यातून हात गेल्याचा वारा लागला, कड्या सळसळल्या, आणि पापण्यांच्या आतलं लाल विझलं.

तिने डोळे उघडले. पडदा ओढलेला होता. तो समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होता, आणि त्याचा हात पिशवीवर परत येऊन बसला होता. "डोळ्यांवर येत होतं तुझ्या," तो म्हणाला.

तिने चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. "उद्या त्यांना कळवा," ती म्हणाली, "तुम्ही येताय म्हणून. एकटे."